कोंडवाड्याची दवंडी

"वाजीव. तिच्या कानाशी धरून वाजीव. बघू आता तरी ऐकू येतंय का."

नगरपंचायतीच्या सभागृहात, भरल्या लोकांत, दादा मला हे म्हणाला. ती म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. अक्का.

आणि मी हलगी वाजवली.

सांगायचं ते एवढंच आहे. मी ती का वाजवली याची कारणं आहेत. कारणं माझ्याकडं नेहमीच भरपूर असतात.

त्या दिवशी जुन्या कोंडवाड्याच्या जागेचा लिलाव होता. मुख्याधिकारी साहेब मधल्या खुर्चीत. शेजारी हेडक्लार्क, त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. समोर बोली लावणारे तिघं. एक दादा, म्हणजे नगराध्यक्षांचा धाकटा भाऊ. दुसरा दादाचा मेव्हणा. तिसरा दादाच्या गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर बोली लावायच्या आधी दादाकडं बघायचा, आणि दादानं भुवई उचलली की लावायचा. मी पाण्याच्या जारजवळ भिंतीला टेकून उभा. खाकी शर्ट, छातीला ओळखपत्र. मी तिथला मानधनावरचा शिपाई.

तेवढ्यात अक्का आत आली. मागं आमच्या वस्तीतल्या चार-पाच बायका. सकाळी मोजणीवाल्यानं कोंडवाड्यात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. त्या बघून, हातातलं काम टाकून आल्या होत्या. अक्काच्या लुगड्याला शिंदीचा भुगा तसाच.

"सायेब," ती म्हणाली, "कोंडवाडा आमी वापरतोय. आमच्या आया, ह्यांच्या सासवा बसायच्या तिथं. आमाला कुणी सांगितलंच न्हाई का जागा इकायचीय."

साहेबांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेबांनी फाईल चाळली.

"दवंडी झालेली आहे सर. सगळ्या प्रभागांत. हे फोटो. आणि दवंडी देणारा यांचाच भाऊ आहे."

फोटो अक्कासमोर धरला. तिनं तो पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मी जारची तोटी नीट बंद आहे का बघू लागलो.

दादा हसला. "म्हातारे, घरात दवंडीवाला पोसतीस आन म्हनतीस कुनी सांगितलं न्हाई. कान तपासून घे. काय रं, हलगी कुठाय तुझी? आन हिकडं."

हलगी शेजारच्या खोलीत होती, फिनेलच्या कॅनमागं. मला कुणी ढकललं नाही. धरून नेलं नाही. मी स्वतःच्या पायांनी गेलो, हलगी घेतली आणि परत आलो. यायला उशीर होऊ नये म्हणून जरा पळतच आलो.

मग दादा ते बोलला. मी हलगी अक्काच्या कानाशी धरली आणि टिपरू मारलं. हलगी थंड होती. हलगी जाळावर तापवल्याशिवाय बोलत नाही, नुसती भद्द करते. भद्द, भद्द. सभागृह हसलं. साहेब मोबाईलमध्ये बघत होते. अक्कानं मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडं बघत उभी राहिली. मी थांबल्यावर पदर सारखा केला आणि बाहेर गेली. बायका तिच्या मागं.

लिलाव मंजूर झाला. मी सगळ्यांना पेढे वाटले. ट्रे माझ्याच हातात होता.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचा मान माझा. लग्नात पंगत उठली की भाचे, पुतणे, सुना सगळे गोळा होतात. मामा, ती शनिशिंगणापूरची सांगा. मग मी सांगतो, तिथं घरांना दारं नाहीत म्हणून मी रात्री भलत्याच घरात झोपायला कसा गेलो आणि सकाळी तिथल्या म्हातारीनं मला चहा कसा दिला. सगळ्या गोष्टींत मी वेंधळा असतो आणि सगळे मला हसतात. हसलं की माफ असतं, हे मी फार लवकर शिकलो. ही गोष्ट मात्र मला कुणी सांगायला सांगत नाही. सगळ्यांना ती ठाऊक आहे.

कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची जागा. दगडी कुंपण, आत एक लिंब, एक फुटका हौद. गावात मोकाट जनावरं कोंडायची बंद झाली, त्याला बरीच वर्षं झाली. वेशीबाहेर, आमच्या वस्तीला लागून ती जागा. वस्तीला कागदावर मोठं नाव आहे. गाव मांगवाडा म्हणतं. वाड्यात घरं अशी की एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यात. मोकळी जागा म्हणून ती एकच. लग्नाचा मांडव तिथं. मयताला आंघोळ तिथं. आणि रोज सकाळी अक्का आणि बायका तिथं बसून केरसुण्या बांधतात. ओली शिंदी वाळवायला पसरतात, फोडतात, विंचरतात, बांधतात. दिवाळीत सगळं गाव त्याच केरसुणीला हळदकुंकू वाहतं, लक्ष्मी म्हणून. बांधलेली कुठं, ते कुणी विचारत नाही.

अक्का तरणीताठी असताना विधवा झाली आणि माहेरी आली. त्या लिंबाखाली बसून तिनं दोन लेकी उजवल्या. मला शाळेत सातवीपर्यंत ढकललं तेही तिनंच. पुढं मी स्वतःहून थांबलो. अभ्यास फार अवघड आहे असं माझं मत झालं होतं.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि कोंडवाड्यासमोरून बायपासचा रस्ता गेला. तेव्हापासून त्या जागेकडं मोठी माणसं गाडी हळू करून बघायला लागली.

सरकारी जागा कशी विकतात ते मी पाहिलं आहे. चहाच्या ट्रेमागून पाहिलं, पण सगळं पाहिलं. आधी जागेला नाव ठेवायचं. नवऱ्याला बायको टाकायची असली की तो आधी चार लोकांत म्हणायला लागतो, हिचं घरात लक्ष नाही. तसं. कोंडवाड्याला एका बैठकीत कुणीतरी 'अतिरिक्त' म्हणालं. पुढच्या बैठकीत तो 'विनावापर' झाला. मग त्याचे फोटो काढायचं ठरलं. इंजिनियर पोरगा नवा होता, त्यानं मला विचारलं, "काका, तिथं बायका कधी नसतात?"

"सोमवारी," मी म्हणालो. "जामखेडकडच्या बाजाराला जातात केरसुण्या विकायला."

सोमवारी फोटो निघाले. रिकामा कोंडवाडा, लिंब, हौद. शिंदीच्या पेंढ्या कोपऱ्यात होत्या, त्या मीच उचलून कुंपणाआड ठेवल्या. फोटोत कचरा दिसू नये म्हणून. अक्काचं काम, आणि मी त्याला कचरा म्हणालो. तोंडानं नाही म्हणालो. हातांनी म्हणालो.

मग ठराव आला. बऱ्याच विषयांच्या मधोमध तो बसवला होता, पंगतीत चोर बसावा तसा. मी बिस्किटाची बशी फिरवत होतो. वाचणारा वाचत गेला, हात वर होत गेले. एका हातात बिस्किट असेल तर दुसरा. मग मूल्यांकन झालं, वरून परवानगी आली. मग जाहीर सूचना. ती ज्या पेपरात आली तो पेपर गावात एकच येतो, कार्यालयात, आणि तो भाऊसाहेब डब्याखाली अंथरतात. एक प्रत नोटीस बोर्डावर लागली. आमचा नोटीस बोर्ड दाराच्या मागं आहे. दार उघडलं की बोर्ड झाकतो, आणि दार दिवसभर उघडं असतं. जनतेसाठी.

राहिली दवंडी. नियमात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. पण आमच्या गावात लिलाव म्हटला की दवंडी लागते, आणि दवंडी म्हटलं की मी. माझा बाप हेच करायचा, त्याचा बापही.

दवंडीचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. दवंडी चावडीपासून सुरू होते. मग पेठ, मग एकेक गल्ली. आमच्या वाड्यात मात्र दवंडी कधीच देत नाहीत. वाजवणारा वाड्यातलाच. तो घरी येतो, हलगी खुंटीला अडकवतो आणि सांगतो, आज अमक्याची दवंडी होती. मग ते घरोघर होतं. म्हणून आमच्या वाड्यातली माणसं नोटीस बघायला जात नाहीत, पेपर वाचत नाहीत. गावात काही मोठं झालं तर हलगीवाला सांगेलच. त्यानं काही सांगितलं नाही म्हणजे काही झालंच नाही.

भाऊसाहेबांनी मला मोटरसायकलवर घेतलं आणि गावाबाहेर पाण्याच्या टाकीजवळ नेलं. माळ. एक शेळी होती.

"हलगी तापवू का?" मी विचारलं.

"कुणाला ऐकायचीय? धर. मान वर. हसू नको."

मी मान वर केली. फोटो निघाला. मग शाळेच्या बंद फाटकापाशी एक. मग स्मशानाच्या रस्त्याला एक. एका फोटोसाठी त्यांनी मला स्वतःची टोपी घालायला दिली, सगळे फोटो एकाच दिवसाचे वाटू नयेत म्हणून. खोटं कशाला बोलू, टोपी मला बरी दिसत होती. मी तसं म्हणालोही.

शेवटी टाकीजवळ परत येऊन मी कागदावरचं मोबाईलसमोर वाचलं. गट नंबर अमुक, नगरपंचायत मालकीची अतिरिक्त जागा, जाहीर लिलाव, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. कोंडवाडा हा शब्द त्यात कुठं नव्हता. पुढं वाड्यात मी शपथेवर सांगितलं की मला कळलंच नाही कुठल्या जागेचं आहे. मला कळलं होतं. चहाचा ट्रे मीच फिरवत होतो.

मोटरसायकलला किक मारताना भाऊसाहेब म्हणाले, "तुमच्या वस्तीत आपण कधी देत नाही ना? तुमचा रिवाज आहे तो. घरी जाऊन सांगता तुम्ही."

"हो."

"मग ते तुझं तू बघ. सांगायचं तर सांग. तुझं कायम करायचा विषय पुढच्या सभेला घेतोय मी."

दोन वाक्यं. एकाला लागून एक. मधे श्वासही नाही.

बायको लेकीच्या बाळंतपणाला नेवाशाकडं गेली होती, म्हणून मी त्या दिवसांत अक्काकडं जेवत होतो. संध्याकाळी हलगी तिच्याच खुंटीला अडकवली. तिनं ताट वाढलं.

"आज फटफटीवर बसून गेल्तास म्हनं. कसली दवंडी हुती रं?"

"काय न्हाई. पाणीपट्टीची."

"भरलीय आपली," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी आणखी टाकली.

ती मी खाल्ली. कालवण लई चांगलं झालंय असंही म्हणालो. तिच्या शेजारणीनं दारातून विचारलं, काय दवंडी हाय? अक्कानं परस्पर सांगितलं, पाणीपट्टी. बघता बघता वाडाभर पाणीपट्टी झालं. हरकतीची मुदत अशी गेली. वाड्यातल्या बायका दुसऱ्या दिवशी पाणीपट्टीच्या पावत्या शोधत होत्या.

लिलावाच्या दिवशी संध्याकाळी मी वाड्यात गेलो. जाणं भाग होतं, घर तिथंच आहे. अक्का कोंडवाड्यातनं शिंदी उचलून घरात आणत होती. चुन्याची रेघ ओलांडताना पाय उचलून टाकत होती, जणू ती रेघ जिवंत आहे. मी एक पेंढी उचलायला वाकलो.

"पाणीपट्टीची हुती नव्हं?" ती म्हणाली.

तेवढंच. पेंढी माझ्या हातातनं काढून घेतली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना माझ्याकडं उत्तरं आहेत, मी त्यातनं विनोद काढतो. वाड्यात सगळ्यांत म्हातारे तात्या, त्यांनी एकदा प्रयत्न केला. मी पारावर गेलो तर ते बाकीच्यांना म्हणाले, "गप ऱ्हावा आता. सायबाचं मानूस आलं. फोटु काढंल."

मी हसलो. कुणी हसलं नाही.

मग वाड्यात एक लग्न निघालं. मांडव कोंडवाड्यात घालता येईना, तिथं आता दादाच्या तारा होत्या. रस्त्यावर घातला. हलगीला मात्र मला सांगितलं नाही. नेवाशाकडचा ताफा बोलावला. माझ्या वाड्यातल्या लग्नात परगावची हलगी, आणि मी अंगणात उभा राहून ऐकतोय. चांगली वाजवत होते, हे आणखी वाईट. जेवायला मात्र बोलावलं. पंगतीत मला लई वाढलं. नको म्हटलं तरी वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं.

ताटावरनं उठताना मला पहिल्यांदा कळलं, की मला वाड्यातनं काढलंय.

वाड्यातल्या पोरांनी प्रांतसाहेबांकडं अर्ज दिला. आम्हाला दवंडी मिळाली नाही, लिलाव रद्द करा. सुनावणी लागली. मग एके दिवशी भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. दादा तिथं खुर्चीत बसला होता, पाय टेबलाखाली लांब करून.

"तुझा जबाब लागतोय," भाऊसाहेब म्हणाले. "मी टाईप केलाय. फक्त सही."

मी वाचला. मला वाचता येतं हे ते दरवेळी विसरतात. लिहिलं होतं, सर्व प्रभागांत, मातंग वस्तीसह, हलगी वाजवून दवंडी दिली.

"मातंग वस्तीसह," मी म्हणालो. "हे खोटं आहे भाऊसाहेब."

"आणि टाकीजवळचं खरं होतं का? तेव्हा कसा उभा राहिलास, मान वर करून?"

ते बरोबर होतं.

दादानं पाय आत घेतले. "ह्ये बघ. तुला जास्ती इचार करायचं काम न्हाई. तुझा बाप वाजवायचा, तू वाजीवतो. आमचा बाप सांगायचा, आमी सांगतो. तुमी वाजवायचं. बोलायचं आमी."

शांतपणे म्हणाला. शिवी नव्हती त्यात. सभागृहातल्यासारखा हसतही नव्हता. पोरानं चूक केल्यावर घरची रीत समजावून सांगावी तसं सांगत होता.

आणि माझ्या कानात बापाचा आवाज आला. मी पहिल्यांदा हलगी गळ्यात घातली तेव्हा बाप म्हणाला होता, "दवंडीत सायबाचं बोलायचं. पदरचं एक अक्षर घालायचं न्हाई." मी ते आयुष्यभर शहाणपण म्हणून जपलं. पोरांनाही सांगितलं, गोष्टीत घालून सांगितलं. आमच्या धंद्याचा नियम, आमच्या घराण्याची अब्रू. दादाच्या तोंडून तेच वाक्य आलं तेव्हा कळलं, ते आमचं नव्हतंच कधी. ते त्यांचं होतं. बापाच्या तोंडात कुणीतरी ठेवलं होतं, आणि बापानं ते वारसा म्हणून मला दिलं, शेत नव्हतं म्हणून.

त्याच नियमाआड मी टाकीजवळ लपलो होतो. मला काय, मी नुसता वाजवणारा. अक्काच्या कानाशी वाजवली तेव्हाही तेच. बोलले ते. मी नुसता वाजवणारा.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

गोष्टी सांगताना असा प्रसंग आला की मी आवाज खणखणीत काढतो. तिथं निघाला नाही. माझ्या हातातलं पेन भाऊसाहेबांच्या चहात पडलं, एवढं आठवतं.

"मग खाकी जमा कर," भाऊसाहेब म्हणाले. "आणि हलगी."

"हलगी माझ्या बापाची आहे."

खाकी शर्ट तिथंच काढून खुर्चीवर ठेवला. आत बनियन फाटकं होतं. बंडखोर माणसानं निदान बनियन धड घालावं, पण सकाळी मला काय ठाऊक.

बाजाराचा दिवस होता. पेठेत चहावाल्याच्या भट्टीवर मी हलगी तापवली. नीट, कडेकडेनं, टिपरू मारून बघत. मग चावडीपासून सुरुवात केली. फाटक्या बनियनवर.

"ऐका हो ऐका. गावचा कोंडवाडा इकलाय. दादाच्या घरात गेलाय. हरकतीची दवंडी द्यायची हुती, ती दिली न्हाई. पान्याच्या टाकीपाशी नुसता फोटु काढला. फोटु भाऊसायबानी काढला. फोटुत मी हाय. वाड्याला मी खोटं सांगितलं. ऐका हो ऐका."

पेठेत लोक थांबले. काही हसले. एका दुकानदारानं शटर अर्धं खाली घेतलं, का ते त्यालाच ठाऊक. मी गल्ली सोडली नाही. दादाच्या घरावरनंही गेलो, तिथं जरा भरभर गेलो. घसा बसत गेला.

मग वाड्यात शिरलो आणि वाजवली. आमच्या वाड्यात हलगीवर दवंडी कधी झाली नव्हती. पोरं बाहेर आली, म्हाताऱ्या बाहेर आल्या. मी एकेका दारासमोर थांबून तेच बोललो. शेवटी अक्काच्या दारात आलो. ती उंबऱ्यात बसून शिंदी विंचरत होती. घरात जागा नाही म्हणून निम्मी शिंदी रस्त्यावर. मी तिच्यासमोर पूर्ण बोललो. फोटुत मी हाय. वाड्याला मी खोटं सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. विंचरत राहिली. मी तसाच उभा. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही. शेजारणीला म्हणाली, "मुदत गेल्यावर दवंडी आलीया बाय. आता काय करायचं हिचं?"

पारावरनं तात्या म्हणाले, "घसा बसलाय त्याचा. पानी द्या कुनीतरी." कुणी दिलं नाही. मी घरी जाऊन प्यालो.

बायको नेवाशाहून आली तेव्हा तिला नोकरी गेल्याचं कळलं. तिनं विचारलं, "आणि हे शहाणपण आधी सुचलं असतं तर?" मी म्हणालो, "आधी सुचतं ते शहाणपण दुसऱ्यांचं असतं." ती म्हणाली, "गोष्टी सांगू नका." बरोबर आहे तिचं.

आता सुनावणी जवळ आली आहे. परवा भाऊसाहेब घरी आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांच्या हातात दुसरा कागद होता. बोलणं मऊ.

"झालं गेलं सोड. एवढंच लिहून दे, की बाजारात जे ओरडलास ते दारूच्या नशेत. दवंडी झालेली होती, पण प्यालेला असल्यामुळं तुला आठवत नव्हतं. उद्यापासून कामावर ये. कायमचा विषय अजून माझ्याकडंच आहे."

"मी पीत नाही भाऊसाहेब. मला शुगर आहे. गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक असून काय करायचंय? प्रांतसाहेब बाहेरचे. मांगाचा हलगीवाला प्यालेला होता म्हटलं तर दुसरा प्रश्न विचारणार नाहीत ते. तुझ्या अंगावर काही येत नाही यात. सुटतोस तू."

माणूस वाईट नव्हता बोलताना. मला सुटका देत होता. आणि मी खरं सांगतो, क्षणभर मला ती हवीशी वाटली. प्यालेल्या माणसाला अक्काही कदाचित माफ करील. टाकीजवळ प्यालेला होता. ताटावर बसून पाणीपट्टी म्हणाला तेव्हा प्यालेला होता. सगळं एका बाटलीत भरून बूच लावलं की झालं. आमच्या पिढ्यांवर हेच तर बूच लावलंय. त्यांनी काही केलं की तो व्यवहार, आम्ही काही केलं की ती दारू. आमचं पाप सुद्धा आमचं म्हणायचं नाही.

मी कागद वाचला, घडी घातली आणि त्यांच्या खिशात ठेवला. बायको मागं उभी होती. तिनं दार लावून घेतलं.

कोंडवाडा परत मिळेल असं मला कुणी सांगितलेलं नाही. तारांच्या आत लिंब तोडलाय. अक्का माझ्याशी बोलेल अशी आशा धरून मी हे करत नाही. बोलू नये, असंही कधी कधी वाटतं. तिच्या जागी मी असतो तर बोललो नसतो.

पण प्रांतसाहेबांसमोर मी उभा राहणार आहे. शर्ट इस्त्रीचा घालणार आहे. आणि सांगणार आहे, साहेब, मी दर वेळी शुद्धीत होतो. जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं. ते दारूच्या नावावर टाकू नका, बापाच्या नावावर टाकू नका, जातीच्या नावावर टाकू नका. माझ्या नावावर लिहा. आणि ते लिहून झालं की पेन खाली ठेवू नका. मला टाकीजवळ कुणी नेलं, जागेला विनावापर कुणी म्हटलं, हात कुणी कुणी वर केले, ती नावं मी सांगतो. एकेक करून सांगतो. तीही लिहा.